रॉजर केसमेंट : भाड्याच्या बोटीतला कॉन्सल

मोडीवाचक (धागाकर्ता)

जुलै १९०३. काँगो नदीच्या वरच्या अंगाला जायला एका ब्रिटिश कॉन्सलला बोट हवी आहे. नदीवर राज्य लिओपोल्डचं. लिओपोल्ड बेल्जियमचा राजा खरा, पण काँगो बेल्जियमचा नव्हता, त्याची स्वतःची खासगी जहागीर होती. नदीवरच्या बोटी त्याच्या, अधिकारी त्याचे, शिपाई त्याचे. सरकारी बोटीत कॉन्सलसाहेबांना मानाने जागा मिळाली असती, सोबत एखादा हसरा अधिकारी दिला असता आणि बोट जिथे थांबायला हवी तिथेच थांबली असती. रॉजर केसमेंटने ते टाळलं. अमेरिकन बाप्टिस्ट मिशनऱ्यांची 'हेन्री रीड' नावाची लहानशी वाफेची बोट त्याने भाड्याने घेतली आणि निघाला.

मी एकतीस वर्षं सरकारी नोकरीत काढली, त्यातली निम्मी फिरतीवर. ज्याची गाडी, त्याचा रस्ता, हे मला चांगलं ठाऊक आहे. तपासणीला गेलेला माणूस ज्याची तपासणी त्याच्याच जीपमधून उतरला की अहवाल अर्धा लिहून झालेला असतो. म्हणून केसमेंटचं नाव निघालं की मला त्याचा खटला किंवा फाशी आधी आठवत नाही, हे बोटीचं भाडं आठवतं.

थोडी पार्श्वभूमी. जन्म १ सप्टेंबर १८६४, डब्लिनजवळ सँडीकोव्ह इथे. बाप प्रोटेस्टंट, ब्रिटिश घोडदळातला, १८४२ च्या अफगाण मोहिमेत लढलेला. आई कॅथलिक. तिने पोराचा गुपचूप कॅथलिक बाप्तिस्मा करून घेतला होता म्हणतात. तेराव्या वर्षापर्यंत दोघंही गेले, अँट्रिममधल्या नातेवाइकांनी सांभाळलं. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि लिव्हरपूलच्या एल्डर डेम्पस्टर या जहाज कंपनीत कारकुनी. तिथून जहाजावर, आणि विशीत आफ्रिकेत.

तेव्हाच्या ब्रिटिश परराष्ट्र खात्यात राजदूत आणि कॉन्सल या दोन वेगळ्या जाती होत्या. राजदूत राजधानीत, घराण्यातला, मेजवान्यांतला. कॉन्सल बंदरात. दारू पिऊन पडलेले खलाशी, अडकलेला माल, व्यापाऱ्यांच्या कटकटी, हे त्याचं काम. केसमेंट १८९५ पासून या दुसऱ्या जातीत: आधी लॉरेन्सो मार्केस (आजचं मापुटो), मग लुआंडा, मग १९०० पासून काँगो.

१९०३ च्या मे महिन्यात ब्रिटिश संसदेत काँगोतल्या अत्याचारांवर चर्चा झाली, ठराव झाला आणि खात्याने आपल्या कॉन्सलला 'आत जाऊन बघ' असं कळवलं. केसमेंटजवळ एक गोष्ट होती जी दुसऱ्या कोणाजवळ नव्हती. तो हा मुलूख सोळा वर्षांपूर्वी पायाखालून घातलेला माणूस होता. लुकोलेला या गावात त्याने १८८७ साली सुमारे ५००० वस्ती पाहिली होती. १९०३ मध्ये मोजदाद ६०० च्याही खाली. गाव तेच, नदी तीच, माणसं कुठे गेली? काही झोपेच्या रोगाने, हे तो प्रामाणिकपणे लिहितो. पण बाकीची?

बाकीची रबरात. सायकलच्या आणि पुढे मोटारीच्या टायरांसाठी युरोपला रबर हवं होतं आणि काँगोच्या रानात रबराचे वेल होते. गावाला ठरावीक वजनाचा चीक आणून द्यायचा हुकूम. कमी पडला की बायका ओलीस, चाबूक, गोळ्या. शिपायांना काडतुसं मोजून मिळत आणि प्रत्येक काडतुसामागे मेलेल्याचा उजवा हात पुरावा म्हणून आणावा लागे. शिकारीत काडतूस वाया गेलं तर हिशेब जुळवायला जिवंत माणसाचा हात. जमाखर्चाची वही नीट राहावी म्हणून हात! मी आयुष्यभर वह्या तपासल्या, पण हे वाचून दोन दिवस वही उघडली नाही.

अहवालात केसमेंट ओरडत नाही, आणि तीच त्याची ताकद. कोण बोललं, कुठे बोललं, दुभाषा कोण, जखम कशी, वजन किती, मोबदला किती. आपल्याकडच्या जुन्या पंचनाम्यासारखं सरळ. १९०४ च्या फेब्रुवारीत परराष्ट्र खात्याने तो छापला, पण नावं आणि गावं काढून त्या जागी नुसती अक्षरं घातली. केसमेंट भयंकर चिडला. बरोबरच आहे, नावगावाशिवाय पंचनामा म्हणजे गोष्ट होते.

त्याच सुमारास त्याची गाठ एडमंड मोरेलशी पडली. तोही एल्डर डेम्पस्टरचाच माजी कारकून. अँटवर्पच्या धक्क्यावर जहाजं रबर-हस्तिदंताने भरून येतात आणि जाताना बंदुका-काडतुसं घेऊन जातात, व्यापाराचा माल जातच नाही, हे त्याने नुसत्या मालाच्या याद्यांवरून ओळखलं होतं. म्हणजे तिथे खरेदी नाही, लूट आहे. एक कारकून धक्क्यावर, दुसरा नदीवर. १९०४ च्या मार्चमध्ये काँगो सुधारणा संघटना उभी राहिली, १९०८ मध्ये लिओपोल्डला ती जहागीर बेल्जियमच्या स्वाधीन करावी लागली.

मग ब्राझील. सँतोस, पारा, रिओ. १९१० मध्ये पुन्हा तसंच काम. पेरू-कोलंबियाच्या सीमेवर पुतुमायो नदी, तिथे पेरुव्हियन अमेझॉन कंपनी. मालक इकितोसचा हुलिओ सेसार आराना, पण कंपनी नोंदलेली लंडनला, संचालकांत इंग्रज. वॉल्टर हार्डेनबर्ग या अमेरिकन इंजिनियरने तिथलं पाहिलेलं १९०९ मध्ये लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आणलं आणि गवगवा झाला. आता परक्या देशाच्या रानात ब्रिटिश कॉन्सलने जायचं कोणत्या अधिकाराने? तर कंपनीने मुकादम म्हणून बार्बाडोसचे काळे मजूर नेले होते आणि ते ब्रिटिश प्रजाजन. 'आमच्या प्रजाजनांची विचारपूस', एवढ्या फटीतून केसमेंट आत शिरला. तीसेक बार्बाडोसवाल्यांच्या जबान्या घेतल्या. त्यांनी स्वतः मारलेले चाबूक स्वतःच्या तोंडाने सांगितले. आणि स्वतः खाल्लेलेही, कारण कंपनीच्या दुकानाचं कर्ज त्यांच्या मानेवर होतंच.

हुइतोतो, बोरा, आंदोके या जमातींची माणसं ओझी घेऊन येत. तराजूचा काटा कमी दाखवला की फटके. ढुंगणावरचे फटक्यांचे वळ इतके सर्रास की त्यांना 'आरानाची खूण' म्हणत. आणि खोडा. आपल्या गढ्यांमध्ये असायचा तसाच लाकडी खोडा, भोकांत पाय अडकवून माणसं दिवसेंदिवस उपाशी. केसमेंटने खोड्याची भोकं मोजली, ओझी स्वतः उचलून पाहिली, फोटो काढले. बारा वर्षांत सुमारे ४००० टन रबरासाठी तीसेक हजार माणसं गेली असा त्याचा अंदाज.

१९११ साली त्याला 'सर' केलं. १९१३ मध्ये निवृत्त झाला. १९१६ च्या ऑगस्टमध्ये त्याच सरकारने त्याला राजद्रोहासाठी फासावर लटकवलं.

माझं म्हणणं असं, की या दोन गोष्टींमध्ये वळण नाही. आयर्लंडसाठी केलेलं पुढचं बंड मागच्या अहवालांतून निघालं. एका मैत्रिणीला त्याने १९०७ मध्ये लिहिलंय की काँगोच्या रानात लिओपोल्ड सापडला तिथेच मी स्वतःलाही सापडलो, न सुधारणारा आयरिश माणूस. दुसऱ्याच्या गावची रिकामी घरं मोजता मोजता त्याला स्वतःच्या गावची आठवली.

१९१४-१६ चं मुद्दाम कमी लिहिलंय. जाणकारांनी भर घालावी.

---

पाणकोंबडा

एका बैठकीत वाचलं. काडतूस आणि हाताचा हिशेब वाचून पोटात गोळा आला. आम्हाला शाळेत 'बर्लिन परिषद, आफ्रिकेची वाटणी' एवढी एक ओळ होती, तीही रिकाम्या जागा भरा मध्ये. नकाशा टाका ना कोणीतरी.

---

तळटीप

लेख चांगला, पण देव्हाऱ्यात बसवायची घाई नको. तुम्ही 'विशीत आफ्रिकेत' म्हणून जे एका ओळीत उरकलंत, ती नोकरी कोणाची होती? लिओपोल्डच्याच संस्थेची! १८८४ च्या सुमारास हा गृहस्थ त्याच राजाच्या कामावर होता. पुढे काँगोतल्या मताडीच्या रेल्वेच्या कामावरही होता. तिथेच १८९० मध्ये पुढे कादंबरीकार झालेल्या जोसेफ कॉनरॅडला भेटला, दोघं काही दिवस एकाच खोलीत राहिले. म्हणजे यंत्र उभं करायला याचाही हात लागलेला. बोअर युद्धात तर तो ब्रिटिशांसाठी गुप्त कामगिरीवर होता. साम्राज्यावर मनापासून विश्वास असलेला माणूस होता तो तेव्हा.

दुसरं, एपोंडोचं प्रकरण तुम्ही गाळलंत. हात तुटलेला तो पोरगा केसमेंटने कोकिलाव्हिलला नेऊन अधिकाऱ्यांपुढे उभा केला, शिपायाविरुद्ध तक्रार दिली. नंतर लिओपोल्डच्या माणसांनी त्याच मुलाकडून लिहून घेतलं की हात रानडुकराने चावला. झालं, सगळ्या अहवालावर 'डुकराचा अहवाल' म्हणून चिखल उडवायला मोकळे.

---

मोडीवाचक

@तळटीप, दोन्ही मुद्दे मान्य. पहिल्याबद्दल एवढंच म्हणेन, की तो आधी तिथे होता म्हणूनच १८८७ आणि १९०३ यांची तुलना करू शकला. नवा माणूस ६०० वस्ती पाहून 'छोटं गाव आहे' म्हणून पुढे गेला असता.

एपोंडोबद्दल: साक्षीदार फिरवणं किती सोपं असतं ते इथल्या वकील मंडळींना विचारा. पण लिओपोल्डनेच नेमलेल्या चौकशी आयोगाने १९०५ मध्ये मूळ गोष्टींना दुजोरा दिला, हे जास्त महत्त्वाचं. राजाला वाटलं होतं आपला आयोग आपल्याला सांभाळून घेईल.

---

खडूस_कारकून

माझं मत वेगळं आहे आणि ते इथे आवडणार नाही. अठरा वर्षं राणीचा आणि राजाचा पगार घेतला. 'सर' स्वीकारलं, वर आभाराचं पत्र लिहिलं. ते पत्र खटल्यात फिर्यादी पक्षाने वाचून दाखवलं आणि केसमेंटची पंचाईत झाली. निवृत्तिवेतन घेतलं. आणि ऐन युद्धात शत्रूच्या राजधानीत, बर्लिनला, जाऊन बसला. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणून काही असतं की नाही? पटत नव्हतं तर १९०४ ला राजीनामा द्यायचा.

---

गोफण

@खडूस_कारकून, १९०४ ला राजीनामा दिला असता तर पुतुमायोला कोण गेलं असतं? बार्बाडोसवाल्यांच्या फटीतून आत शिरायला कॉन्सलचा कागद लागत होता.

आणि मिठाचं म्हणाल तर मीठ नक्की कोणाचं? हा प्रश्न आपल्याकडेही होता. आयसीएसमध्ये राहून काँग्रेसचा इतिहास घडवणारे ह्यूमसाहेब होतेच की.

---

खडूस_कारकून

ह्यूम निवृत्त झाल्यावर काँग्रेसमध्ये आले. आणि ते रशियाकडे बंदुका मागायला गेले नाहीत. उदाहरण बदला.

---

गोफण

ठीक, ते उदाहरण मागे घेतो. 🙂

---

लिफीकाठ

डब्लिनमध्ये नऊ वर्षं आहे, म्हणून १९१४ नंतरचं मी लिहितो.

निवृत्तीनंतर केसमेंट स्वराज्यवाद्यांच्या आयरिश स्वयंसेवक दलात उतरला. दल उभं राहिलं १९१३ च्या नोव्हेंबरात. त्याआधी उत्तरेकडच्या, ब्रिटनशी एकनिष्ठ म्हणवणाऱ्या मंडळींनी आपलं वेगळं दल काढलं होतं आणि त्यांनी १९१४ च्या एप्रिलमध्ये लार्न बंदरात जर्मन बंदुका उतरवल्या, हजारोंनी. कोणालाही अटक नाही. मग यांनीही जुलैअखेर हाउथला आणि ऑगस्टच्या सुरुवातीला किलकूलला मिळून १५०० बंदुका उतरवल्या. पैसे जमवण्यात केसमेंट होता. हाउथच्या वेळी मात्र डब्लिनमध्ये सैन्याने लोकांवर गोळीबार केला. हा फरक इथले लोक अजून विसरलेले नाहीत.

युद्ध सुरू झालं तेव्हा तो अमेरिकेत होता. तिथून नॉर्वेमार्गे बर्लिन, ऑक्टोबर १९१४ अखेर. वाटेत क्रिस्तियानियात (आजचं ऑस्लो) ब्रिटिश वकिलातीने त्याच्या नोकराला फोडायचा प्रयत्न केला, ५००० पौंडांचं आमिष होतं. बर्लिनला त्याने काय मिळवलं? लिंबुर्गच्या छावणीत दोन हजारांवर आयरिश युद्धकैदी होते. त्यांची पलटण बांधायची कल्पना. आले किती? पन्नास-पंचावन्न. बाकीच्यांनी हुर्यो उडवली. त्यांचे भाऊ-बाप त्याच वेळी फ्रान्सच्या खंदकांत लढत होते, त्यांना हा साहेब काय सांगतोय ते कळेना.

१९१६ च्या एप्रिलमध्ये जर्मनांनी 'ऑड' नावाच्या जहाजातून २०,००० रायफली पाठवल्या, त्याही रशियनांकडून जिंकलेल्या जुन्या. केसमेंट वेगळा, यू-१९ पाणबुडीतून. आणि केसमेंट डब्लिनमध्ये ठरलेला उठाव करायला नव्हे, थांबवायला येत होता, कारण जर्मन सैनिक येणार नाहीत हे त्याला कळून चुकलं होतं. २१ एप्रिल, गुड फ्रायडेच्या पहाटे केरी परगण्यातल्या बॅना किनाऱ्यावर लहान होडीतून उतरताना होडी उलटली, भिजला, आजारी होता, काही तासांत पकडला गेला. 'ऑड' ब्रिटिशांच्या हाती लागलं आणि कप्तानाने ते कॉर्कजवळ स्वतःच बुडवलं. सोमवारी डब्लिनमध्ये उठाव झालाच.

मी दोन वर्षांपूर्वी बॅनाला गेलो होतो. लांबच लांब वाळू, वारा असा की डोळे उघडवत नाहीत. स्मारक आहे. बाजूला एक कुटुंब कुत्र्यामागे पळत होतं. जो माणूस दुसऱ्याच्या नदीवर इतकं अचूक मोजमाप करत होता तो स्वतःच्या किनाऱ्यावर इतका अंदाज चुकून उतरला याचं तिथे उभं राहून वाईट वाटलं.

---

मोडीवाचक

@लिफीकाठ, धन्यवाद, हेच हवं होतं. चांगला निरीक्षक चांगला कट करणारा असतोच असं नाही. त्याला सगळं लिहून ठेवायची खोड. कटवाल्याला ती घातक. (आणि ती खोड पुढे त्याच्या जिवावर कशी उठली ते कोणीतरी लिहीलच.)

---

कलम१२४

खटल्याबद्दल. राजद्रोहाचा कायदा १३५१ चा, तोही नॉर्मन फ्रेंच भाषेत. त्यात म्हटलंय, ढोबळ अर्थ असा: जो राजाच्या राज्यात राजाच्या शत्रूंना मिळेल, त्यांना राज्यात किंवा अन्यत्र मदत करेल तो राजद्रोही. आता केसमेंटने जे केलं ते जर्मनीत. बचाव पक्षाचे सार्जंट सलिव्हन म्हणाले, 'अन्यत्र' हा शब्द फक्त मदतीला लागतो. शत्रूला मिळणारा माणूस स्वतः राज्याच्या हद्दीत हवा. फिर्यादी पक्ष म्हणाला, 'अन्यत्र' सगळ्यालाच लागतो. मूळ चर्मपत्रावर तिथे एक खूण आहे. ती विरामचिन्ह की चर्मपत्राची घडी? न्यायाधीशांनी जाऊन मूळ चर्मपत्र पाहिलं. म्हणून इंग्रजीत 'स्वल्पविरामावर फाशी गेलेला माणूस' अशी त्याची ओळख झाली.

माझं प्रामाणिक मत: सलिव्हन यांचा युक्तिवाद हुशार होता, पण भर युद्धात, सोम नदीवर माणसं कापली जात असताना कोणतंही कोर्ट तो मानणार नव्हतं. खटला २६ ते २९ जून १९१६. सोमची लढाई १ जुलैला सुरू झाली, आणि अपील फेटाळलं गेलं तेव्हा रोज मृतांच्या याद्या छापून येत होत्या.

---

गोफण

आता माझा खास मुद्दा, जो इथल्या फार जणांच्या ध्यानात नसेल. या खटल्यातली दोन मोठी नावं बघा.

सरन्यायाधीश: लॉर्ड रीडिंग. हेच पुढे १९२१ ते १९२६ भारताचे व्हाइसरॉय. गांधीजींना १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली ती यांच्याच कारकिर्दीत.

फिर्यादी पक्षाचे प्रमुख, ॲटर्नी जनरल: एफ. ई. स्मिथ. हेच पुढे लॉर्ड बर्कनहेड, १९२४ ते १९२८ भारतमंत्री. सायमन कमिशनमध्ये एकही भारतीय न घेणारे ते हेच.

गंमत अशी की युद्धाआधी स्मिथ उत्तर आयर्लंडच्या त्याच एकनिष्ठांच्या बाजूने उभे होते ज्यांनी लार्नला जर्मन बंदुका उतरवल्या. केसमेंटने निकालानंतर पिंजऱ्यातून केलेल्या भाषणात ते सुनावलं. आशय असा: त्यांनी निवडलेली वाट त्यांना लॉर्ड चॅन्सेलरच्या (न्यायखात्यातल्या सर्वोच्च पदाच्या) गादीवर नेईल असं त्यांना वाटत होतं, माझी वाट मला पिंजऱ्यात नेईल हे मला माहीत होतं, आणि दोघांचंही खरं ठरलं. स्मिथ तीन वर्षांनी खरंच लॉर्ड चॅन्सेलर झाले!

ते भाषण वाचून तरुण नेहरू भारावले होते. आणि आणखी एक तारीख: डब्लिनचा उठाव २४ ते २९ एप्रिल १९१६. टिळकांनी होमरूल लीग बेळगावला स्थापन केली ती २८ एप्रिल १९१६. 'होमरूल' (साम्राज्यात राहून स्वराज्य) हा शब्दच आयर्लंडहून आलेला. इकडे त्या शब्दाची सुरुवात होत होती तेव्हा तिकडे बंडवाल्यांनी ताब्यात घेतलेल्या डब्लिनच्या पोस्ट ऑफिसात त्या शब्दाचा शेवट चालला होता.

---

पाणकोंबडा

रीडिंग आणि बर्कनहेड!! कमाल आहे. इतिहासाच्या पुस्तकात ही माणसं जणू बोटीतून उतरली तेव्हाच जन्मली असं वाटायचं.

---

सांजवात

डायऱ्यांबद्दल कोणी बोलत नाहीये, म्हणून मी.

अटकेनंतर लंडनमधल्या त्याच्या जुन्या सामानात १९०३, १९१० आणि १९११ च्या खासगी डायऱ्या सापडल्या. त्यात दुसऱ्या पुरुषांशी आलेल्या संबंधांच्या नोंदी. नौदल गुप्तचर खात्याचे हॉल आणि स्कॉटलंड यार्डचे थॉमसन यांनी त्यांच्या प्रती निवडक लोकांना दाखवल्या: पत्रकार, धर्मगुरू, अमेरिकन राजदूत पेज. हेतू एकच, दयेचा अर्ज कमजोर पडावा. आर्थर कॉनन डॉयल यांनी अर्जासाठी पुष्कळ धावपळ केली. कॉनरॅड यांनी सही केली नाही, एका खोलीत राहिलेला माणूस. मोरेलचीही सही नव्हती.

पुढे अनेक दशकं आयर्लंडमध्ये 'डायऱ्या बनावट' असा वाद. २००२ मध्ये हस्ताक्षर आणि कागद-शाईची तपासणी झाली, निष्कर्ष असा की नोंदी त्याच्याच. काही जण अजून मानत नाहीत. मला विचाराल तर बनावट असण्याचा आग्रह हा सोवळेपणाचा भाग होता: शहीद 'असा' कसा असेल? आज आयर्लंडमध्ये समलिंगी विवाह जनमताने मंजूर आहे, त्यामुळे तरुणांना हा प्रश्नच पडत नाही.

राजद्रोहाची शिक्षा एक वेळ समजते, पण माणसाचं खासगी पान उघडून त्याच्या फाशीची सोय करायची, हे मला खटल्यापेक्षा जास्त घाणेरडं वाटतं.

---

खडूस_कारकून

इथे मात्र सांजवात यांच्याशी शंभर टक्के सहमत. फाशी द्यायची तर गुन्ह्यासाठी द्या. चारित्र्याची पानं वाटत फिरणं हे सरकारचं काम नव्हे. माझा मिठाचा मुद्दा कायम आहे, पण याने सरकारची बाजूच काळी झाली.

---

लिफीकाठ

३ ऑगस्ट १९१६, पेंटनव्हिल तुरुंग. तिथेच आवारात पुरलं. त्याची इच्छा होती अँट्रिमच्या मरलो खाडीजवळ पुरावं अशी, लहानपण तिकडे गेलेलं. १९६५ मध्ये ब्रिटिश सरकारने अस्थी परत दिल्या त्या एका अटीवर: उत्तर आयर्लंडमध्ये नेऊन पुरायच्या नाहीत. म्हणून ग्लासनेव्हिन, डब्लिन. १ मार्च १९६५ चा सरकारी अंत्यविधी, बर्फाळ थंडी, राष्ट्राध्यक्ष डी व्हॅलेरा ८२ वर्षांचे, आजारी. डॉक्टरांनी नको म्हटलं तरी आले. मरलोला अजून कबर नाही. बेलफास्टला त्याच्या नावाचं मैदान आहे, केसमेंट पार्क, आणि इथल्या, डब्लिनजवळच्या, लष्करी विमानतळालाही त्याचं नाव.

---

तळटीप

आरानाचं पुढे काय झालं? की नेहमीप्रमाणे काहीच नाही?

---

मोडीवाचक

नेहमीप्रमाणे. कंपनी बुडाली, १९१३ मध्ये ब्रिटिश संसदीय समितीपुढे आरानाने जबानी दिली, सगळं नाकारलं. पुढे पेरूत सिनेटर झाला. १९५२ मध्ये अंथरुणावर वारला. अटकेचे हुकूम निघालेले त्याचे बहुतेक मुकादम आधीच पसार झाले होते.

पुतुमायोचा जुलूम खरा ओसरला तो कायद्याने कमी आणि बाजाराने जास्त. ब्राझीलमधून १८७६ मध्ये नेलेल्या बियांपासून मलाया-सिलोनात रबराचे मळे उभे राहिले होते. त्यांचं रबर १९१२ च्या सुमारास स्वस्तात यायला लागलं आणि रानातला चीक परवडेना.

---

सांजवात

एक विचारायचं होतं. केसमेंटने अमेझॉनमधून दोन मुलं लंडनला आणली होती असं वाचलं होतं. त्यांचं काय?

---

मोडीवाचक

हो. ओमारिनो आणि आरेदोमी. दुसरा तरुणच होता, लग्न झालेला. लंडनमध्ये लोकांना दाखवून जाग आणावी, शिक्षण द्यावं असा हेतू. विल्यम रोथेनस्टाइनने त्यांचं चित्र काढायला घेतलं होतं. १९११ च्या उन्हाळ्यात केसमेंट त्यांना परत घेऊन गेला.

तळटीप, तुम्ही देव्हाऱ्याचं म्हणालात म्हणून हे मीच सांगतो. ओमारिनो लहान होता आणि त्याला मिळवण्यासाठी केसमेंटने एक शर्ट आणि एक पाटलोण दिली. विकत घेतलं, दुसरा शब्द नाही. गुलामीचा अहवाल लिहायला गेलेल्या माणसाने.

---

तळटीप

हे कुठे नोंदलंय?

---

मोडीवाचक

त्याच्याच वहीत.